टिळकांचा मधुमेह माहीत असतो, सत्यभामाबाईंचा कुणालाच नाही

अकोल्यात लोकमान्य टिळकांचा विषय निघाला की १९०८ च्या शिवजयंती उत्सवाची गोष्ट निघतेच. शेगावच्या भक्तपरंपरेत ती अशी सांगतात. अकोल्याच्या मांडवात टिळक होते, अमरावतीचे दादासाहेब खापर्डे होते आणि मंचावर लोडाला टेकून गजानन महाराज बसले होते. पुढे थोड्याच दिवसांत टिळकांना मुंबईत अटक झाली, तेव्हा महाराजांनी त्यांच्यासाठी प्रसाद धाडला. प्रसाद म्हणजे पेढा नाही, बर्फी नाही. साधी भाकरी.

श्रद्धेचा भाग ज्याचा त्याचा. पण त्या वेळी टिळकांच्या अंगात जो आजार होता तो पाहता पेढ्यापेक्षा भाकरीच बरी होती. टिळकांना मधुमेह होता.

हे तसं अनेकांना ठाऊक असतं. शाळेच्या पुस्तकात नसलं तरी टिळकांच्या चरित्रांत त्याचा उल्लेख येतो. त्याच चरित्रांत एखाद-दुसऱ्या ओळीत येऊन जाणारी गोष्ट मात्र फारशी कुणाच्या लक्षात राहत नाही. मधुमेह त्यांच्या पत्नीलाही होता. नवरा मंडालेच्या तुरुंगात असताना, १९१२ साली, त्या पुण्यात गेल्या.

म्हणजे एकाच घरात नवरा-बायको दोघांनाही साखर. रक्ताचं नातं नसलेली दोन माणसं, आजार एकच. आजचे डॉक्टर ज्या गोष्टीकडे अलीकडे नीट बघायला लागलेत, ती या घरात शंभर वर्षांपूर्वी होती.

सुरुवातीपासून बघू.

टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६, रत्नागिरीचा. वडील गंगाधरपंत शिक्षक. त्यांची बदली पुण्याला झाली, घर पुण्यात आलं आणि त्याच सुमारास आई पार्वतीबाई वारल्या. टिळक तेव्हा दहा वर्षांचे होते. १८७१ साली त्यांचं लग्न झालं. मुलगी दापोलीजवळच्या लाडघरच्या बाळ घराण्यातली, नाव तापी. सासरी आल्यावर ती सत्यभामा झाली. वय दहाच्या आसपास. लग्नाला वर्ष होतं न होतं तोच वडीलही गेले. सोळा वर्षांचा मुलगा, त्याची लहानगी बायको, आणि डोक्यावर चुलता-चुलतीचं छत्र.

डेक्कन कॉलेजात गेल्यावर टिळकांनी एक गोष्ट केली, जी आजच्या पालकांना ऐकवत नाही. तब्येत किरकोळ होती म्हणून पहिलं वर्ष त्यांनी जवळपास पूर्ण व्यायामाला दिलं. कुस्ती, पोहणं, दंड-बैठका, वर भरपूर खाणं. परीक्षेत नापास झाले, पण शरीर कमावलं. पुढे तीन तुरुंगवास आणि सततची धावपळ हे शरीर सोसू शकलं त्याचं मूळ त्या वर्षात आहे, असं चरित्रकार मानतात. ते खरंही असेल. पण कमावलेलं शरीर माणसाला मधुमेहापासून कायमचं वाचवत नाही. शाळा, केसरी, मराठा, कोर्टाचे खटले, रात्री-अपरात्री लिहिणं, यातून बैठं काम वाढत गेलं आणि ताण तर कधीच कमी झाला नाही.

१९०७ साली ब्रिटिश मेडिकल असोसिएशनच्या बैठकीत उष्ण प्रदेशातल्या मधुमेहावर मोठी चर्चा झाली होती. बंगालमधले वकील, न्यायाधीश, कचेरीतले बाबू यांच्यात हा आजार एवढा का वाढतोय, हा तिथला प्रश्न होता. बुद्धीचं काम करणाऱ्या बैठ्या पुरुषाचा आजार, अशी त्याची ओळख बनली होती. टिळक त्या चौकटीत अगदी बरोबर बसत होते.

सत्यभामाबाई त्या चौकटीत कुठेच बसत नव्हत्या. ना वकील, ना संपादक. त्यांनी घर चालवलं, आल्यागेल्यांची पंगत सांभाळली, मुलं वाढवली. तीन मुलगे आणि तीन मुली वाढल्या. थोरला विश्वनाथ १९०३ साली प्लेगमध्ये गेला. त्याच काळात ताईमहाराज प्रकरणाचा खटला टिळकांच्या मागे हात धुऊन लागला होता. टिळकांनी त्या दुःखातही काम कसं चालू ठेवलं हे सगळीकडे लिहिलेलं सापडतं. आईचं काय झालं असेल, ते आपणच समजून घ्यायचं.

वारंवार येणारी गरोदरपणं आणि मधुमेह यांचा काही संबंध असू शकतो, हे तेव्हा कुणाच्या गावीही नव्हतं का? अगदी तसं नाही. १८२४ साली बर्लिनमध्ये हाइनरिख बेनेविट्झ नावाच्या डॉक्टरने एका बाईची नोंद करून ठेवली होती. पाचव्या खेपेला गरोदर असताना तिला प्रचंड तहान लागायची, लघवीत साखर सापडली आणि बाळंतपणानंतर ती साखर गायब झाली. बाळ बारा पौंडांचं होतं, ते दगावलं. पुढे १८८२ साली लंडनच्या मॅथ्यूज डंकन यांनी अशा बायकांची प्रकरणं गोळा केली. त्यातल्या कितीतरी आया आणि बाळं वाचली नव्हती. टिळक आणि आगरकर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढत होते तेच हे वर्ष. पण ही माहिती युरोपातल्या डॉक्टरांच्या कागदांत राहिली. गरोदर बाईची साखर नेमाने तपासायची पद्धत तेव्हा जगात कुठेच नव्हती.

आता वऱ्हाडाकडे येऊ, कारण टिळकांच्या आयुष्यातला एक मोठा आधार अमरावतीत राहत होता.

गणेश श्रीकृष्ण खापर्डे. अमरावतीचे नामांकित वकील, टिळकांपेक्षा दोन वर्षांनी मोठे, राहणीच्या थाटामुळे वऱ्हाडचे नवाब म्हणून ओळखले जाणारे. १८९७ च्या डिसेंबरात काँग्रेसचं अधिवेशन अमरावतीला भरलं, तेव्हा स्वागताध्यक्ष खापर्डेच होते आणि अध्यक्ष होते शंकरन नायर. टिळक मात्र तिथे येऊ शकले नाहीत. त्याच सप्टेंबरात त्यांना राजद्रोहाखाली अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली होती. मुदतीआधी, ६ सप्टेंबर १८९८ ला ते सुटले तेव्हा वजन इतकं उतरलं होतं की ओळखीची माणसंही दचकली.

दुसरा घाव १९०८ चा. २४ जूनला अटक झाली. जामिनासाठी बॅरिस्टर जिना उभे राहिले, न्यायमूर्ती दावरांनी जामीन नाकारला. २२ जुलैच्या रात्री निकाल लागला, सहा वर्षं काळं पाणी आणि एक हजार रुपये दंड. दुसऱ्या दिवशी टिळकांना बावन्न वर्षं पूर्ण होत होती. मधुमेही माणूस, पन्नाशी उलटलेली, आणि समोर सहा वर्षं. त्या काळच्या हिशेबाने ही शिक्षा संपेपर्यंत ते जगतील याची खात्री कुणीच देऊ शकलं नसतं.

खापर्डे वकिली सोडून त्याच वर्षी इंग्लंडला गेले. प्रिव्ही कौन्सिलात अपील करायचं, तिथल्या लोकांपुढे बाजू मांडायची. दोनेक वर्षं तिकडे खर्चली. उपयोग झाला नाही.

टिळकांना आधी साबरमतीला आणि मग ब्रह्मदेशात मंडालेला नेलं. लाकडी इमारत, वरच्या मजल्यावरची खोली, उन्हाळ्यात भट्टी आणि थंडीत गारठा. स्वयंपाकाला सातारकडचा कुलकर्णी नावाचा कैदी दिला होता. इथे टिळकांनी आपल्या आजाराशी जो व्यवहार केला तो बघण्यासारखा आहे.

इन्सुलिन नव्हतं, गोळ्या नव्हत्या. मधुमेहावर उपाय एकच, ताट बदलणं. टिळकांनी भात सोडला, गहूही मागे टाकला आणि सातूच्या, म्हणजे जवाच्या पिठाचे पदार्थ आणि दूध यांच्यावर भर दिला. (वऱ्हाडात उन्हाळ्यात गहू-डाळ्याचं पीठ गुळाच्या पाण्यात कालवून खातात तो सातू वेगळा. तो मधुमेह्याने जपून खावा.) जवात एक चिकट तंतू असतो. पोटात गेल्यावर तो पाणी धरून फुगतो आणि अन्नातली साखर रक्तात सावकाश उतरते. हे कारण तेव्हा माहीत नव्हतं, पण गुण येतो हे दिसत होतं. टिळक गणिताचे माणूस. काय खाल्लं की काय होतं याचा हिशेब त्यांनी मांडला आणि तो काटेकोर पाळला. तुरुंगात तो पाळणं एका अर्थी सोपंही होतं. ताटात काय येणार ते ठरलेलं, पंगत नाही, आग्रह नाही, वेळ ठरलेली.

त्याच खोलीत १९१०-११ च्या हिवाळ्यात, साधारण पाच महिन्यांत, पेन्सिलीने गीतारहस्य लिहून झालं.

इकडे पुण्यात गायकवाड वाड्यात काय चाललं होतं? भाचे धोंडोपंत विद्वांस घराचा कारभार बघत होते. मंडालेहून पत्रं यायची, त्यात पुस्तकांच्या याद्या, मुलांच्या शिक्षणाच्या सूचना, तब्येतीच्या चौकशा. सत्यभामाबाईंचा आजार वाढत चालला होता. त्यांच्या दिवसाला तुरुंगासारखी शिस्त लावणारं कुणी नव्हतं. उलट नवरा परदेशी कैदेत, वयात येणारी मुलं, आणि सरकारची नजर असलेलं घर. अशा घरातली बाई आपल्या ताटाकडे किती बघणार? ७ जून १९१२ ला त्या गेल्या. वय पन्नाशीच्या आसपास. मंडालेला तार गेली. मुलगा गेला तेव्हाही न डगमगलेले टिळक या बातमीने हादरले. धोंडोपंतांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी ते लपवलं नाही, आणि आपण शेवटी तिच्याजवळ नव्हतो ही खंतही त्यात आहे. सुटकेला तेव्हा दोन वर्षं उरली होती.

एकच आजार. एक जण कैदेत असून तगला, एक जण घरात असून गेली. यावरून कुठलाही वैद्यकीय सिद्धांत निघत नाही, एका जोडप्यावरून तो काढूही नये. पण आज लाखो जोडप्यांचा अभ्यास करून जे समोर आलंय, ते कळलं की या घराकडे बघायची नजर बदलते.

गरोदरपणात काय होतं? वार, म्हणजे बाळाला आईशी जोडणारा अवयव, काही संप्रेरकं सोडते. बाळाला साखर मिळत राहावी म्हणून ही संप्रेरकं आईच्या इन्सुलिनला अडवतात. मग आईच्या स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन बनवावं लागतं. बहुतेकींना ते जमतं. ज्यांना जमत नाही त्यांची साखर वाढते, हाच गरोदरपणातला मधुमेह. बाळंतपण झालं, वार पडली की साखर बऱ्याचदा लगेच खाली येते. घरचे म्हणतात, झालं, गेला आजार.

तो गेलेला नसतो. नऊ महिन्यांत शरीराने फक्त सांगून टाकलेलं असतं की इथे कुवत कमी आहे. अशा बाईला पुढे कायमचा मधुमेह होण्याची शक्यता इतर बायकांच्या तुलनेत सात ते दहा पट असते. आणि धोका एकट्या साखरेचा नाही. २०१९ साली पन्नास लाखांहून जास्त बायकांची माहिती एकत्र करून पाहिली गेली. गरोदरपणात मधुमेह झालेल्यांना पुढे हृदयविकार किंवा पक्षाघात होण्याचा धोका जवळपास दुप्पट निघाला. ज्यांना नंतर कायमचा मधुमेह झालाच नाही, त्यांच्यातही तो दीडपट होता. रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर खराब व्हायला आधीच सुरुवात झालेली असते, वर रक्तदाब आणि चरबी त्यात भर घालतात.

आणि नवरा? त्याच्या पोटात तर वार नव्हती. तरीही २०१५ साली माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की ज्यांच्या बायकांना गरोदरपणात मधुमेह झाला, त्या नवऱ्यांना पुढे मधुमेह होण्याची शक्यता इतरांपेक्षा ३३ टक्के जास्त होती. कारण शोधायला लांब जायला नको. रक्त वेगळं असलं तरी तेल एक, ताट एक, जेवायची वेळ एक, जागरण एक, घरातला ताण एक. बायकोचा रिपोर्ट हा अर्धा नवऱ्याचाही रिपोर्ट असतो. मधुमेह ही पुढे हृदयविकाराची वाट आहे, म्हणून मुद्दा शेवटी आई-बाप दोघांच्या हृदयापर्यंत जातो.

गरोदरपणातला मधुमेह ओळखायची ठोस मोजपट्टी आली ती १९६४ साली, बॉस्टनमध्ये ओ'सलिवन आणि मॅहन यांनी ७५२ गरोदर बायकांच्या तपासणीवरून बनवलेली. तीही पुढे कुणाला मधुमेह होईल हे ओळखण्यासाठीच होती. आज आपल्याकडे सरकारी दवाखान्यातही ही तपासणी होते. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायचं, उपाशीपोटी यायची अट नाही, दोन तासांनी रक्त तपासायचं. साखर १४० किंवा जास्त आली तर गरोदरपणातला मधुमेह. पहिल्या भेटीत एकदा, आणि तेव्हा ठीक निघाली तर २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान पुन्हा एकदा.

अमरावतीचं जिल्हा स्त्री रुग्णालय लोक अजून डफरीन म्हणून ओळखतात आणि अकोल्याचं लेडी हार्डिंग म्हणून. दोन्ही नावं व्हाइसरॉयच्या बायकांची. लेडी डफरीन यांनी १८८५ साली हिंदुस्थानातल्या बायकांना बाईडॉक्टर मिळाव्यात म्हणून निधी उभारला. लेडी हार्डिंग यांचा काळ म्हणजे नेमका टिळकांच्या मंडालेचा. म्हणजे सत्यभामाबाईंच्या हयातीत बायकांसाठी दवाखाने उभे राहायला लागले होते. प्रश्न फक्त बाई तिथपर्यंत कधी पोचते हा होता.

तो आजही थोडा आहेच. खरी गळती बाळंतपणानंतर होते. सहा आठवड्यांनी साखर परत तपासायची असते आणि नंतर दर वर्षी. पण आपली पद्धत बघा. सासर अकोल्याचं, माहेर अमरावतीचं. बाळंतपण माहेरी. फाइल अमरावतीत राहते, बाई सव्वा महिन्याने किंवा तीन महिन्यांनी अकोल्याला येते. मधल्या काळात डिंकाचे लाडू, शिरा, तूप, आणि सगळं लक्ष बाळाच्या लसीकडे. सहा आठवड्यांच्या तारखेला बाळाला लस टोचायला दवाखान्यात नेतातच, आईचं रक्त मात्र त्याच दिवशी तपासायचं कुणाच्या डोक्यात येत नाही. नवऱ्याचं तर सोडूनच द्या.

टिळकांकडे परत जाऊ. १६ जून १९१४ च्या मध्यरात्री पोलिसांनी त्यांना गायकवाड वाड्याच्या दारात आणून सोडलं. घर होतं, मुलं होती, सत्यभामाबाई नव्हत्या. पुढच्या वर्षी गीतारहस्य छापून आलं. २८ एप्रिल १९१६ ला बेळगावात होमरूल लीग निघाली. तिच्या कार्यक्षेत्रात वऱ्हाड होतंच, आणि वऱ्हाडात होमरूल म्हणजे खापर्डे. साठी ओलांडलेले टिळक गावोगाव फिरले. १९१७ साली अमरावतीत त्यांनी गीतारहस्यावर भाषणही दिलं. मंडालेत सातूच्या भाकरीवर लिहिलेला ग्रंथ आता खापर्ड्यांच्या गावात लोकांना समजावून सांगितला जात होता.

दौऱ्यावरच्या माणसाला तुरुंगातला आहार पाळता येत नाही. रोज नवं गाव, नवा यजमान, रात्रीच्या सभा, आगगाडीतलं जागरण. त्यात १९१८ ला चिरोल खटल्यासाठी इंग्लंडची वारी. तिथे वर्षभर राहिले, खटला हरले, खर्चाचा डोंगर झाला. नोव्हेंबर १९१९ ला परतले आणि डिसेंबरात अमृतसरच्या काँग्रेसला हजर. चौसष्टीला टेकलेल्या मधुमेह्याचं हे वेळापत्रक होतं.

जुलै १९२० मध्ये ताईमहाराज प्रकरणाच्याच कामाने ते मुंबईत आले आणि सरदारगृहात उतरले. ताप आला, तो हिवतापाचा वाटला, मग न्यूमोनियावर गेला. वाढलेल्या साखरेत शरीराची संसर्गाशी लढायची ताकद कमी होते आणि फुप्फुस भरलं की हृदयाला दुप्पट राबावं लागतं. तेव्हा प्रतिजैविकंही नव्हती. १ ऑगस्टच्या पहाटेआधीच, मध्यरात्र उलटून पाऊण तासाच्या आत, टिळक गेले.

पुढच्या उन्हाळ्यात टोरोंटोमध्ये बँटिंग आणि बेस्ट यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून इन्सुलिन वेगळं काढलं. ११ जानेवारी १९२२ ला ते पहिल्यांदा लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला टोचलं गेलं. काही वर्षांतच मधुमेही बायकांचे बाळंतपणातले मृत्यू झपाट्याने खाली आले. टिळकांना ते दीड वर्षाने हुकलं. सत्यभामाबाईंना दहा वर्षांनी.